श्वासाची तालीम

वाडी, ता. शाहूवाडी
११ नोव्हेंबर २०२४

पूर्णिमाताई,

पत्र बघून हसशील. कोल्हापुरात डॉक्टर असलेल्या आत्येबहिणीला आजच्या दिवसात कागदावर कोण लिहितं? पण आमच्या वाडीत फोनला रेंज फक्त खळ्याकडच्या दगडावर येते. तिथं उभं राहून बोलायचं म्हणजे अख्ख्या आळीला ऐकवायचं. काल तुला फोन लावला तेव्हा एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला शेजारच्या दोघी. मला रडू फुटलं म्हणून मी फोन बंद केला. तुझं "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. दुधाच्या गाडीवरचे जोतीरामदादा रोज कोल्हापूरला येतात, ते हे पत्र तुझ्या दवाखान्याच्या गेटवर देतील. उत्तरही त्यांच्याकडंच दे.

विषय ईश्वरीचा. ती वर्षाची असताना पुण्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहे. छिद्र बुजवलं, फुप्फुसाकडं जाणारी अरुंद वाट मोकळी केली. आता ती सहा वर्षांची आहे. पळते, भांडते, शाळेत जाते. पण दिवाळीनंतर तपासणीला आणली तर तुमच्याकडचे हृदयाचे डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू मोठी होत चाललीय असं वाटतंय, नक्की किती ते हृदयाचा एमआरआय केल्याशिवाय कळणार नाही. आणि एवढ्या लहान पोरीला तासभर न हलता मशीनमध्ये ठेवायचं म्हणजे पूर्ण भूल द्यावी लागेल.

ऑपरेशनच्या वेळी भुलीबद्दल मी काही विचारलं नव्हतं. दुसरा रस्ताच नव्हता. पण नुसता फोटो काढायला भूल? सासूबाई म्हणतात, "पोरगी रानात पळत्या, आंब्यावर चडत्या, आनि तुमी तिला निजवून मशिनीत घालाय निगालाय व्हय?" हे बिद्रीला कारखान्यावर. गळीत हंगाम सुरू आहे. फोनवर म्हणतात, "तुझ्या ताईला विचार, ती सांगंल तसं करू." म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

भूल देणं हे तुझंच काम. तू देणार असशील तर सांग. आणि खरं सांग, डॉक्टरसारखं नको, घरच्या माणसासारखं.

संयोगिता


कोल्हापूर
१५ नोव्हेंबर

संयोगिता,

हसले नाही. पत्र वॉर्डातच उभ्याने वाचलं.

घरच्यासारखं सांगायचं तर असं आहे. हलत्या माणसाचा फोटो कसा पुसट येतो? इथे तर दोन गोष्टी हलतात, हृदय आणि छाती. हृदय थांबवता येत नाही. त्याच्या ठोक्यांशी मशीन जुळवून घेतं. छाती मात्र प्रत्येक फोटोला थोडा वेळ थांबवावी लागते. मोठ्या माणसाला आपण सांगतो, "श्वास धरा." लहान मुलाला ते जमत नाही, म्हणून त्याला झोपवून घशात नळी घालायची आणि श्वासाचं काम यंत्राकडे द्यायचं. फोटोच्या वेळी मी यंत्र थांबवते, फोटो झाला की पुन्हा सुरू करते. तेवढा वेळ मुलाचा श्वास माझ्या बोटाखाली असतो. हे मी रोज करते.

धोका आहे का? आहे. हृदयाचा आजार असलेल्या मुलांत इतर मुलांपेक्षा जास्तच. पण उजवी बाजू ताणत ताणत एका मर्यादेपलीकडे गेली तर ती परत आकसत नाही. न बघता बसणं हा त्याहून मोठा धोका आहे.

भूल मीच देईन. नऊ डिसेंबरची तारीख मिळवलीय. मशीन, हृदयाचे डॉक्टर, आयसीयूतली खाट आणि मी, हे सगळं एका दिवशी जुळवताना माझ्या नाकी नऊ आले. काहीही झालं तरी ही तारीख चुकवू नकोस. खाली रेघ मारलीय बघ.

आदल्या संध्याकाळी हलकं जेवण दे. सकाळी दूध, बिस्कीट काही नाही. पाणीसुद्धा मी सांगेन तोपर्यंतच. सर्दी, खोकला, ताप काही असेल तर कळव. अंगावर दागिना नको, केसांत पिना नकोत. तिची आवडती बाहुली चालेल, पण आत धातू नसलेली.

पूर्णिमा


वाडी
३ डिसेंबर

ताई,

सगळं ठीक आहे. ह्यांनी कशीबशी रजा मिळवलीय. भाताची मळणी उरकली. सासूबाई अखेर तयार झाल्या. म्हणाल्या, "जावा, पन एकदाच. दुसऱ्यांदा म्या धाडायची न्हाय."

शाळेतली निम्मी पोरं शिंकताहेत म्हणून ईश्वरीला मी घरीच ठेवलीय. आठ तारखेच्या संध्याकाळी आम्ही कोल्हापुरात पोचतो. जास्त लिहीत नाही, जोतीरामदादा हॉर्न वाजवताहेत.

संयोगिता


कोल्हापूर
१२ डिसेंबर

संयोगिता,

ईश्वरी आता घरी पोचली असेल. आयसीयूच्या दारात मी तुझ्याशी धड बोलले नाही. बोलले असते तर ओरडले असते, आणि शेजारी तुझे कृष्णातराव उभे होते. म्हणून लिहितेय.

काय झालं ते तुला नीट कळायला हवं. सकाळी मी विचारलं, "सर्दी, खोकला?" तू म्हणालीस, "नाही." छाती तपासली, साफ होती. मास्कमधून भूल दिली, माझं बोट धरून ती झोपली. नळी घालायला गेले आणि तिच्या स्वरयंत्राचं दार घट्ट मिटलं. नुकत्याच सर्दी होऊन गेलेल्या घशाचं असं होतं. छाती उचलते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू कमी होऊ लागला की आमच्या यंत्राचा टण् टण् आवाज खाली उतरत जातो. तो आवाज उतरत गेला. ओठ निळे पडले. मग ठोके मंद व्हायला लागले.

मी मास्क दाबून धरला, औषध दिलं. आमचे वरिष्ठ, जिनेंद्रसर, धावत आले. दार उघडलं, हवा आत गेली. सांगायला एवढंच आहे. पण ते उघडेपर्यंत मी भूलतज्ज्ञ नव्हते गं, तिची मावशी होते, आणि माझे हात थरथरत होते. माझ्या कामात हात थरथरून चालत नाही.

फोटो एकही न काढता सगळं थांबवावं लागलं. संध्याकाळी ती पूर्ण जागी झाली, मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? "मावशी, मी शिंकलो न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "का गं?"

"आईनं सांगिटलंय, डॉक्टरम्होरं शिंकायचं न्हाय. शिंकलं की परत घरला धाडत्यात."

संयोगिता, का केलंस असं?

पूर्णिमा


वाडी
२२ डिसेंबर

ताई,

का ते सांगते.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. "तारीख चुकवू नकोस" याच्याखाली रेघ होती. सर्दीचं वाक्य दूध-बिस्किटांच्या गर्दीत होतं, त्याच्याखाली रेघ नव्हती.

तिला आदल्या आठवड्यात पडसं झालं. वाफ दिली, हळद-दूध दिलं. निघायच्या दिवशी नाक कोरडं होतं. वाटलं, गेलं एकदाचं. तुमचे डॉक्टर म्हणाले होते, उजवी बाजू वाढत चाललीय. ताई, त्या दिवसापासून ती जेवायला बसली तरी मी तिच्या छातीकडं बघते. आज किती वाढली असेल? पळून आली, धापा टाकतेय, त्यानं वाढली असेल का? तारीख पुढं गेली असती तर सासूबाईंनी परत सोडलं नसतं, ह्यांना परत रजा मिळाली नसती, आणि ती वाढतच राहिली असती. मला त्या वेळी हेच दिसत होतं.

मी खोटं बोलले, तेही तुझ्या तोंडावर. आणि पोरीलाही खोटं शिकवलं. पण तू विचारलंस तेव्हा तुझ्या अंगावर हिरवे कपडे होते, तोंडावर मास्क होता, आणि नजर हातातल्या कागदावर होती. तू "पुढं?" म्हणून दुसऱ्या प्रश्नावर गेलीस. जरा माझ्याकडं बघितलं असतंस तर तुला कळलं असतं. लहानपणी मुरगूडला मी खोटं बोलले की तुला लगेच कळायचं.

ते निळे ओठ मी बघितले नाहीत. तू बघितलेस. तुझ्या पत्रातून आता मलाही दिसतात. परत भूल नको. आम्ही येणार नाही.

संयोगिता


कोल्हापूर
२७ डिसेंबर

संयू,

आधी खूप चिडले. पत्र टेबलाच्या खणात टाकलं. मग बाहेर काढून परत वाचलं. रेघ मीच मारली होती, आणि बघितलं कागदाकडेच होतं. माझ्या वाट्याचं मी घेते. तुझ्या वाट्याचं तू घेतलं आहेसच. आता ह्यावर आपण बोलायचं नाही.

येणार नाही म्हणू नकोस. ऐक.

मी जिनेंद्रसरांशी बोलले. ते म्हणाले, "सहा वर्षांची आहे, चुणचुणीत आहे. जागेपणी का करून बघत नाही?" काही मुलांना आधी तालीम दिली की जमतं. सगळ्यांना नाही. पण जमलं तर भूल नको, नळी नको. तिला दोनच गोष्टी यायला हव्यात. उताणं झोपून अजिबात हलायचं नाही. आणि सांगितलं की श्वास बाहेर सोडून तसंच थांबायचं. आत घेऊन नव्हे, बाहेर सोडून. ते जास्त अवघड असतं. मनात हळूहळू दहा अंक म्हणेपर्यंत जमलं तर खूप झालं.

मशीन म्हणजे अरुंद बोगदा, आणि आत प्रचंड आवाज. ठोकल्यासारखा, घरघरल्यासारखा. मोबाइलवर आवाज पाठवतेय, दगडावर जाऊन उतरवून घे. घरी बोगदा करा, आवाज लावा, रोज थोडं थोडं करा. जबरदस्ती नको. तिला दम लागला, ओठ काळपट वाटले की लगेच थांबवायचं.

घसा पूर्ण निवायला हवा, म्हणून महिना-दीड महिना थांबू. तेवढा उशीर चालेल असं हृदयाचे डॉक्टरही म्हणालेत. आणि नाहीच जमलं, तर पुन्हा भूल द्यावी लागेल. हे तुझ्यापासून लपवत नाही. तेव्हा देणारी मी असेन का, हे मला आज सांगता येत नाही. परवा दुसऱ्याच एका मुलाला झोपवताना माझा हात मास्कवर अडखळला.

पूर्णिमा


वाडी
१९ जानेवारी २०२५

ताई,

तालीम चालू आहे. आमच्या वाडीत सध्या दुसरा विषय नाही.

आधी कॉटवर घोंगडं टाकून खाली बोगदा केला. ईश्वरी हसत सुटली, घोंगड्याचे केस नाकात गेले, शिंका! मी इतकी घाबरले की तिला बाहेर ओढून घराबाहेर नेलं. मग गोठ्यामागं पाण्याची जुनी काळी टाकी पडली होती, तिचं एक तोंड कापलेलं. ती धुऊन आडवी केली, आत गोधडी टाकली. तू पाठवलेला आवाज मोबाइलवर फारच बारीक वाटायचा. सासूबाई म्हणाल्या, "आवाजच पायजे न्हवं?" आणि शेजारची चारा कापायची कडबाकुट्टी सुरू केली. आता कुट्टी धडधडते, म्हशी बावचळून बघतात, आणि टाकीतून ईश्वरीचे दोन पाय तेवढे बाहेर दिसतात. सासूबाई पंच. "हाललीस! अंगटा हालला! परत!" ज्या बाईनं एकदाच धाडणार म्हटलं होतं ती आता रोज दुपारी कुट्टीच्या बटणापाशी उभी असते.

श्वास बाहेर सोडून थांबणं तिला कळेचना. विहिरीत उडी टाकताना पोरं गाल फुगवतात तसे गाल फुगवायची. शेवटी सांगितलं, चुलीवर फुंकर मार आणि फुंकर संपली की तशीच थांब. ते कळलं. आता कधी नऊ, कधी सहा. दहा अजून नाही.

सगळं गोड नाही, ताई. मागच्या मंगळवारी ती टाकीजवळ यायलाच तयार होईना. म्हणाली, "मला परत निळं करत्यात." कुठून ऐकलं असेल? आम्हीच कुजबुजत असतो, पोरांना सगळं ऐकू जातं. मग मी म्हटलं, थांब, मी आधी जाते. आत शिरले, सासूबाईंनी कुट्टी लावली. ताई, मला तिथं राहवेना. छत नाकाला आल्यासारखं. मी ओरडत बाहेर आले. ईश्वरी माझ्याकडं बघत उभी. मग म्हणाली, "आई, तू हाललीस." आणि स्वतः आत गेली.

मला झोप लागत नाही. तिला जमलं नाही तर काय, हा एकच विचार. आणि जमलं तर फोटोत काय दिसेल, हा दुसरा.

तारीख कळव. ह्या खेपेला रेघ नको मारू.

संयोगिता


कोल्हापूर
९ फेब्रुवारी

संयू,

एमआरआयच्या दिवशी तू आत होतीस, मी काचेबाहेर. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं सांगते.

तू मंगळसूत्र, जोडवी काढून कृष्णातरावांच्या हातात दिलीस आणि तिचे पाय धरून उभी राहिलीस. इकडे दाराबाहेर मी भुलीची सगळी तयारी मांडून ठेवली होती. मास्क, नळी, भरलेल्या सिरिंजा. तुला मुद्दाम दिसू दिली नाही. स्पीकरवरून मी म्हणायची, "ईश्वरी, फुंकर मार... थांब." पडद्यावर तिच्या छातीची रेघ सपाट व्हायची. सपाट रेघेची आम्हाला सवय, पण ती यंत्र थांबवल्याची. ही तिची स्वतःची होती. माझंच बोट टेबलावर कशावर तरी दाबून धरलेलं असायचं, आणि त्याखाली बटण नसायचं.

निम्मं झालं आणि ती रडायला लागली, आठवतं? शिरेतून औषध गेलं, हात गार पडला, ती हलली. तीन फोटो वाया गेले. जिनेंद्रसर म्हणाले, "पूर्णिमा, देऊया का भूल?" माझ्या ओठांवर "हो" आलं होतं. आणि तुझा आवाज ऐकू आला. मशीनच्या धडधडाटावर आवाज चढवून तू ओरडत होतीस, "कोण हाललं गं? परत!" हुबेहूब तुझ्या सासूबाई बोलतात तसं. ती रडता रडता हसली. सर म्हणाले, "थांबू थोडं."

नंतर तिनं बहुतेक सगळे श्वास धरले. आणि शेवटी मी "फुंकर मार" म्हटलं तर रेघ सपाट होईना. वर-खाली, वर-खाली, संथ. मी घाबरून आत बघितलं. पोरगी झोपली होती. एवढ्या धडधडाटात, कुणी न झोपवता. राहिलेले फोटो तंत्रज्ञांनी संथ श्वासावर पुन्हा पुन्हा घेऊन जुळवले. मी नुसती बघत बसले. भरलेल्या सिरिंजा टाकून दिल्या.

आता दुसरं. अहवाल आला. हृदयाच्या डॉक्टरांनी काल मला बोलावून दाखवला. उजवी बाजू आम्हाला वाटली होती त्याहून जास्त ताणलीय. फुप्फुसाच्या वाटेवरची झडप गळतेय, ती नवी बसवावी लागेल. लांबवून चालणार नाही, पण वेळेत कळलंय. ही झडप आत्ता बसवली तर ती बाजू परत आकसेल असं ते म्हणाले. ऑपरेशन पुण्यात, तिच्या जुन्याच सर्जनकडे.

तू म्हणशील भूल तूच दे. संयू, मी देणार नाही. तिथली हृदयाच्या भुलीची माणसं माझ्याहून तयार आहेत, आणि ईश्वरीवर माझा हात पुन्हा स्थिर राहील याची खात्री मला नाही.

पूर्णिमा


वाडी
१६ फेब्रुवारी

ताई,

पत्र आलं तेव्हा मी धान्य पाखडत होते. वाचलं, परत पाखडायला बसले. अख्खी पाटी पाखडून झाली तरी काय वाचलं ते डोक्यात शिरेना. मग सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कळलं ते बरं झालं." आणि आत जाऊन देवापुढं बसल्या.

भूल तू देऊ नकोस. मीही तेच म्हणणार होते. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे.

तू पुण्याला ये, पण आत जाऊ नकोस. बाहेर बस, माझ्याजवळ. तू जन्मभर त्या दाराच्या आतल्या बाजूला राहिलीस. बाहेर काय असतं ते तुला माहीत नाही. हे उभेच राहतील, सासूबाई जप करतील, आणि मला कुणाचा तरी हात धरायला लागेल. डॉक्टर नको, बहीण पाहिजे. येशील?

संयोगिता


कोल्हापूर
६ एप्रिल

संयू,

ईश्वरी घरी पळायला लागली असं जोतीरामदादांनी सांगितलं. पळू देऊ नकोस अजून, छातीचं हाड जुळायचंय. तिला सांग, मावशीनं सांगितलंय. ऐकणार नाही, तरी सांग.

पुण्याहून आल्यापासून तुला लिहायचं होतं. तिथे बाकावर बसलो होतो तेव्हा मला सगळं पाठ होतं. आता झोपवलं असेल, आता नळी गेली असेल, आता हृदय थांबवून यंत्रावर घेतलं असेल. पाठ असून काही उपयोग झाला नाही. दार उघडलं की तू माझ्या हातात नखं रुतवायचीस, आणि दर वेळी कुणीतरी भलताच माणूस ट्रॉली घेऊन निघून जायचा. दुपारी आतून एक भूलतज्ज्ञ मुलगी आली. आपल्याकडे न बघता चहा प्यायला गेली. तिची काही चूक नव्हती. मीही अशीच जाते. पण ती परत येईपर्यंत तू काय काय मनात आणलंस ते मी तुझ्या चेहऱ्यावर बघत होते. मीही तेच आणत होते. शेवटी सर्जन आले आणि म्हणाले, "झडप बसली, हृदय छान चाललंय." तेव्हा तुझ्या सासूबाई मटकन खाली बसल्या, आणि कृष्णातराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तू रडली नाहीस. मीच रडले.

काल आमच्याकडे मुरगूडकडचं एक बाळ होतं, एमआरआयसाठी. पूर्ण भूल. माझा हात हलला नाही, हे तुला कळावं म्हणून सांगते. बाळ नीट झोपलं, नळी गेली, फोटो सुरू झाले. मग मी जिनेंद्रसरांना म्हटलं, "थोडा वेळ इथे बसाल?" ते म्हणाले, "का, बरं वाटत नाही?" मी म्हटलं, "बाहेर जाऊन येते."

बाहेर त्या बाळाचे वडील भिंतीला टेकून उभे होते, हातात बाळाचं टोपडं. मला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

मी मास्क खाली केला. म्हटलं, "काही झालं नाही. सांगायलाच आलेय. झोपलंय, श्वास चांगला चाललाय, अजून वेळ लागेल."

त्यांनी मान हलवली, आणि मागे हात लावून बाक शोधत खाली बसले.

पूर्णिमा